काट्यावर सरळ उभी पेशी

उसाची ट्रॉली काट्यावर चढते तेव्हा जाणता माणूस आधी आकडा बघत नाही, चाकं बघतो. मागचं एक चाक प्लेटच्या बाहेर राहिलं की काटा कितीही चोख असला तरी आकडा खोटा. ट्रॉली पुढंमागं घेतली, सगळी चाकं प्लेटवर आली, डोलणं थांबलं, की मग पावती फाडायची. पलूस तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. याच तालुक्यात भिलवडी स्टेशनला मात्र एक असा काटा आहे, ज्याच्याविषयी फारसं बोललं जात नाही. त्याच्यावर चढते ती वळूची शुक्रपेशी. तिचं डोकं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान, ती जिवंत, शेपटी वळवळवत सतत पळणारी. आणि जिच्यापासून कालवड होणार ती आणि जिच्यापासून खोंड होणार ती, या दोघींच्या ऐवजात फरक आहे शेकडा पावणेचारच्या जवळपास. हा फरक सेकंदाला हजारो पेशींच्या वेगानं मोजायचा आणि एकाही पेशीला न मारता मोजायचा. हे काम ज्या वस्तूवर चालतं ती असते तळहातावर मावेल अशी एक पट्टी, आणि तिच्या पोटात केसाएवढ्या बारीक वाटा कोरलेल्या असतात. सूक्ष्मप्रवाही चिप असं तिला म्हणता येईल.

भिलवडी म्हटलं की लोकांना चितळ्यांचं दूध आठवतं. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली इथं दुधाचा व्यवसाय उभा केला, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी दुधापासून मागं जात जात जनावरापर्यंत, मग जनावराच्या पैदाशीपर्यंत मजल मारली. जीनस या ब्रिटिश पशुपैदास कंपनीशी भागीदारी झाली, ‘ब्रह्मा’ नावाचं वळूकेंद्र उभं राहिलं, आणि ज्यातून बहुतेक कालवडीच होतील अशा वीर्याच्या कांड्या बाजारात आल्या. गोठ्यावर त्याला सरसकट ‘सेक्स्ड सीमेन’ म्हणतात; सरकारी कागदावर ‘लिंगनिश्चित वीर्यमात्रा’. जीनसच्या या तंत्राचं नाव इंटेलिजेन, आणि त्याच्या काळजाशी ही चिप आहे. आता लोकांचा समज असा की यात जनुकांची काहीतरी उलथापालथ होते, प्रयोगशाळेत काहीतरी ‘बनवलं’ जातं. तसं काही नाही. जनुकाला इथं कुणी बोटही लावत नाही. वळूनं जे दिलं त्यातलंच निवडायचं असतं. सगळी करामत एका गोष्टीत आहे, ती म्हणजे पेशीला काट्यावर सरळ उभं करण्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की या तंत्राचं मोठेपण आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात. आणि हे नीट ध्यानात घेतलं तर त्याच्याविषयीच्या भाबड्या आशाही गळतात आणि भाबडी भीतीही.

गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. त्यातली एक जोडी पोटी कालवड येणार की खोंड ते ठरवते. गाईचं अंडं कायम एक्स गुणसूत्र घेऊन येतं. वळूच्या शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स अंगानं थोरलं, वाय अगदीच किरकोळ. त्यामुळं एक्सवाल्या शुक्रपेशीत वायवालीपेक्षा डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त भरतो. म्हशीत हाच फरक ३.६ टक्क्यांच्या आसपास. तो दिसावा म्हणून वीर्यात होक्स्ट ३३३४२ नावाचा रंग घालतात. हा रंग जिवंत पेशीच्या आत जाऊन डीएनएला चिकटतो आणि अतिनील लेसरचा झोत पडला की निळा उजळतो. डीएनए जास्त तर उजेड जास्त. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं.

अडचण शुक्रपेशीच्या अंगकाठीत आहे. तिचं डोकं गोल नसतं, वल्ह्यासारखं चपटं असतं. लांबी ९ मायक्रॉनच्या जवळपास, रुंदी त्याच्या निम्मी, आणि जाडी जेमतेम मायक्रॉनभर. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड. खिडकीची सुटी काच हातात धरून बघा. समोरून ती असून नसल्यासारखी, पण कडेनं बघितली तर कड उजळ, हिरवट चमकते, कारण आत शिरलेला प्रकाश पृष्ठभागांमध्ये कोंडत कोंडत कडेनं बाहेर पडतो. शुक्रपेशीच्या डोक्याचं तसंच होतं. चपट्या बाजूनं बघितलं तर उजेड एक, कडेनं बघितलं तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे पेशी किंचित तिरकी झाली तरी उजेडात जो फरक पडतो, त्यात एक्स-वायचा ३.८ टक्क्यांचा फरक पार बुडून जातो. ट्रॉलीचं चाक प्लेटबाहेर राहिलेलं असतं. इथं काट्याची अचूकता कामाची नाही. आधी ट्रॉली सरळ लावली पाहिजे. आणि ट्रॉलीला ड्रायव्हर असतो, शुक्रपेशीला नसतो.

तिला सरळ लावतं ते पाणी. पाण्याचं म्हणावं तर पलूस तालुक्याचा त्याच्याशी जुना व्यवहार आहे. औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२६ च्या सुमारास तिथं पाणी उचलणारे सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले. या पंपाच्या पाइपातलं पाणी शांत कधीच नसतं. चार इंची पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगानं पाणी धावतं तेव्हा ते आतल्या आत घुसळत, भोवरे करत जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडमधल्या अभियंत्यानं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवून दिलं की प्रवाह शांत राहील की खवळेल ते वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा दाटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरतं. आज त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. पाइपात हा अंक दोन हजारांच्या थोडा वर गेला की धार तुटायला लागते. आपल्या पंपाच्या पाइपात तो दोन लाखांच्या घरात असतो. चिपमधल्या केसाएवढ्या वाटेत तो कधी पाच-पन्नास, फार तर शे-दोनशे. तिथं पाणी खवळूच शकत नाही. ब्रह्मनाळला कृष्णा आणि येरळा भेटतात तेव्हा येरळेचं गढूळ पाणी कृष्णेत कुठं विरलं ते थोड्या अंतरावर ओळखता येत नाही. चिपमध्ये दोन धारा भेटल्या तर त्या शेजारीशेजारी, मध्ये भिंत असल्यासारख्या वाहत राहतात. रेणू जेवढे आपणहून इकडून तिकडं झिरपतील तेवढीच काय ती सरमिसळ. त्यामुळं धार हवी तिथं वळवता येते, हवी तेवढी दाबता येते, आणि ती ऐकते.

या ऐकणाऱ्या पाण्यातून पेशींची रांग लावायची रीत अशी : मधल्या वाटेनं वीर्याची धार सोडायची आणि दोन्ही बाजूंनी, वरून-खालून, साध्या द्रवाच्या धारा तिच्यावर आणायच्या. मधली धार दबत दबत पातळ होते, इतकी की तिच्यात एकामागं एकच पेशी मावते. पुढं वाटेची घडण अशी असते की ही धार गोल न राहता फितीसारखी चपटी होते. पाटाच्या अरुंद तोंडाशी वाहून आलेली पानं कशी आडवी होऊन, पाण्याशी जुळवून घेऊन निघून जातात? चपट्या डोक्याची पेशी चपट्या धारेत तशीच बसते. तिला कुणी पकडत नाही, ढकलत नाही. पाण्याचा आकारच तिला तिची जागा दाखवतो. पळून जायची तिची धडपड चाललेली असते, पण इतक्या लहान मापाच्या जगात पाणी काकवीसारखं वाटतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये छापलेल्या एका व्याख्यानात हिशोब मांडला होता की पोहणाऱ्या जिवाणूनं पोहणं थांबवलं तर तो अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात जागच्या जागी थांबतो. शुक्रपेशी त्याहून मोठी, पण जग तेच.

हे सगळं चिपच्या आधीही करता येत होतं, पण आडदांडपणे. अमेरिकेत डॅनियल पिंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये शुक्रपेशींच्या डीएनएतला फरक यंत्रानं ओळखता येतो हे दाखवलं, आणि १९८९ मध्ये लॉरेन्स जॉन्सन यांनी तिथल्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत अशा निवडलेल्या पेशींपासून सशाची पिल्लं जन्माला घातली. त्या यंत्रात पेशींची धार दाबानं हवेत सोडतात, तिचे थेंब पाडतात, प्रत्येक थेंबाला विजेचा धन किंवा ऋण भार देतात आणि विजेच्या पट्ट्यांमधून जाताना थेंब डावी-उजवीकडं वळवून वेगवेगळ्या नळ्यांत गोळा करतात. कल्पना देखणी आहे, पण पेशीच्या अंगानं विचार करा. आधी दाब, मग वीज, मग महामार्गावरच्या मोटारीच्या वेगानं नळीत आपटणं. इंटेलिजेनच्या चिपमध्ये थेंब नाहीत, वीज नाही. पेशी वाटेनं शांत जाते, पहिला लेसर तिला मोजतो, आणि ती नको असलेली निघाली तर दुसरा लेसर तिला तिथल्या तिथं निकामी करतो. यात गंमत अशी की निकामी झालेल्या पेशी बाहेर काढतच नाहीत. त्या हव्या असलेल्यांच्या बरोबरीनंच वाहत पुढं जातात. रांग मोडत नाही. ज्याला हवी ती पेशी उचलून घ्यायची नसून नको असलेली रांगेतच गप्प करायची आहे, त्याला रांग मोडण्याची गरजही नाही.

कांडी महाग का, याचंही उत्तर याच रांगेत आहे. आपल्याकडं साध्या वीर्याच्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रपेशी भरतात. लिंगनिश्चित कांडीत कामाच्या पेशी साधारण वीस ते चाळीस लाख. एकेरी रांगेतून, समजा, सेकंदाला पाच हजार हव्या त्या पेशी निघाल्या, तर वीस लाखांना चारशे सेकंद लागतात, म्हणजे एका कांडीला सहा-सात मिनिटं. साधी कांडी भरायला असा वेळ लागतच नाही, कारण तिथं मोजत कुणी नाही. वेग वाढवावा, तर पेशी दाटीवाटीनं येतात, काही तिरक्या जातात आणि निवड चुकते. म्हणूनच या कांडीवर ‘नव्वद टक्के कालवडी’ असं म्हणतात, शंभर म्हणत नाहीत. उरलेले दहा टक्के म्हणजे कंपनीची लबाडी नव्हे. ती बहुतांशी तिरक्या ट्रॉल्यांची आणि काठावरच्या आकड्यांची बेरीज आहे.

पेशी नीट मांडल्यानं काय दिसतं याचे दाखले गोठ्याबाहेर जास्त नाट्यमय आहेत, आणि हे तंत्र फक्त कालवडीपुरतं नाही हे कळण्यासाठी ते सांगायला हवेत. या चिपा प्रयोगशाळेत ज्या रीतीनं करतात ती आपल्या माजघरातली आहे : साचा आणि मोदक. सिलिकॉनच्या चकतीवर वाटांचा उठाव कोरायचा, त्यावर पातळ सिलिकॉन रबर ओतायचं, भट्टीत घट्ट करायचं आणि सोलून काढायचं. रबरात वाटांचे ठसे उमटतात. ते काचेवर चिकटवलं की चिप तयार. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेनं १९९८ च्या आसपास ही रीत रूढ केली आणि चिप बनवणं साध्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात आलं. २००४ मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी अशाच चिपमध्ये जिवाणूंना बारीक चरांतून ओळीनं वाढवलं, मग प्रतिजैविक सोडलं. बहुतेक मेले, मोजके उरले. हे उरणारे प्रतिजैविकाला तोंड देताना बदलतात, की आधीपासूनच वेगळे असतात, हा जुना वाद. ओळीत उभ्या असलेल्या प्रत्येक जिवाणूचा आधीचा इतिहास चित्रफितीत होता. मागं जाऊन बघितलं तर त्यांच्या प्रयोगातले वाचणारे औषध येण्याआधीपासूनच सुस्त, वाढ थांबवून बसलेले होते. पुढं २०१० मध्ये हार्वर्डलाच एक चिप झाली, तिला ‘मदर मशीन’ म्हणतात. एका बाजूनं बंद अशा शेकडो खाचा, प्रत्येक खाचेच्या तळाशी एक जिवाणू. तो विभागत राहतो, लेकी बाहेरच्या प्रवाहात वाहून जातात, आई तळाशीच. दोनशेच्या आसपास पिढ्या बघूनही आईच्या वाढीचा वेग उतरला नाही. बाटलीत वाढवलेल्या कोट्यवधी जिवाणूंकडं बघून या दोन्ही गोष्टी कधीच कळल्या नसत्या, कारण बाटली फक्त सरासरी सांगते. गावातल्या सगळ्या गाईंचं दूध एका टाकीत ओतून कुठली गाय आटली ते कसं सांगणार?

यावर शास्त्रज्ञांमध्येच एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. पेशीला खाचेत कोंडल्यावर ती मोकळेपणी वागते का? शिवाय ते सिलिकॉन रबर निरागस नाही. ते तेलात विरघळणारे छोटे रेणू शोषून घेतं, त्यामुळं औषध किती दिलं आणि पेशीपर्यंत किती पोचलं यात तफावत पडते. आणि रोजच्या कामातला खरा वैरी म्हणजे हवेचा बुडबुडा. एक बुडबुडा वाटेत अडकला की दिवसभराचं काम गेलं. या सगळ्यातून एवढंच निघतं की चिप हा काटा आहे आणि काट्याची तपासणी वेळोवेळी करावीच लागते. काटा नको, अंदाजानंच ऊस घाला, असं काही त्यातून निघत नाही.

गोठ्यातले आक्षेप वेगळे आहेत आणि ते जास्त खडखडीत आहेत. पहिला : या कांडीनं गाय उलटते, गाभण राहत नाही. हे खोटं नाही. पेशी कमी, त्याही रंगातून, लेसरमधून आणि गोठवण्यातून गेलेल्या. चांगल्या सांभाळाच्या कळपातही साध्या कांडीनं जितक्या जनावरांना गर्भ राहतो, त्याच्या ऐंशी ते नव्वद टक्केच इथं राहतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पण हिशोब करून बघू. शंभर कालवडींना साधी कांडी दिली, पन्नास गाभण राहिल्या असं धरू. त्यातून पंचवीस-एक कालवडी. लिंगनिश्चित कांडीनं समजा बेचाळीसच राहिल्या. त्यातल्या नव्वद टक्के म्हणजे अडतीसच्या घरात कालवडी. आठ जनावरं या वेळी जास्त रिकामी गेली, पण कालवडी दीडपट मिळाल्या. ज्याच्या दावणीला पाच-सहाच जनावरं आहेत त्याला मात्र रिकामं गेलेलं एक जनावरही महागात पडतं, आणि त्यानं हे गणित स्वतःच्या गोठ्यावर मांडायचं, जाहिरातीवर नाही. रंगानं आणि लेसरनं वासरात व्यंग येतं अशी भीतीही घातली जाते. जगभरात अशी वासरं आता लाखांनी झाली आहेत. त्यांच्यात जन्मजात दोष जास्त असल्याचं दिसलेलं नाही.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा, आणि इथं मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं आहे. हे तंत्र बराच काळ अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मुठीत होतं. जीनसच्याच घरातल्या एबीएस ग्लोबलनं २०१४ मध्ये त्या इंगुरन कंपनीवर विस्कॉन्सिनच्या न्यायालयात दावा लावला. २०१६ मध्ये ज्यूरीनं दोघांनाही फटकारलं : इंगुरननं मक्तेदारी टिकवून धरली, आणि एबीएसनं तिच्या पेटंटांचा भंग केला. चिपमधल्या पाण्याची वाट कशी वळते यावर तिथं कोट्यवधी डॉलरचे दावे-प्रतिदावे झाले; आणि त्या वळणाची किंमत शेवटी कांडीत, म्हणजे गोठेवाल्याच्या खिशात उतरते. महाराष्ट्रात शासनाच्या योजनेत ५७५ रुपयांना ठरलेली कांडी अनुदान जाऊन शेतकऱ्याला ८१ रुपयांत देण्याचा निर्णय झाला, तो या किमतीवरचा तात्पुरता उतारा. खरा उतारा स्पर्धेचा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या लिंगनिश्चिती तंत्राचं लोकार्पण झालं. त्यानं कांडीमागं सुमारे २०० रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. त्याच मांडवात ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ही आल्या, पण त्या चिपा निराळ्या, त्या जनावराचा जनुकीय वाण वाचतात, त्यांच्यात पाण्याच्या वाटा नाहीत. एकाच शब्दानं दोन वस्तू ओळखल्या जाऊ लागल्या की गोंधळ होतोच.

तिसरा आक्षेप असा की निसर्गानं निम्मे खोंड दिलेत, ते उगाच का? ट्रॅक्टर आल्यापासून संकरित खोंडाला शेतात काम उरलेलं नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे. त्या खोंडाचं पुढं काय होतं हे गावोगाव रस्त्यावर दिसतं, आणि दिसत नाही ते त्याहून वाईट असतं. दूध न पाजता त्याला मरू देणं ही काही निसर्गाची व्यवस्था नव्हे. म्हशीच्या रेडकाची गत तीच. तेव्हा जन्मालाच न येणं हे मला जास्त दयाळू वाटतं. गंमत म्हणजे ही गरज वाणावाणाप्रमाणं उलटीही होते. बैलगाडा शर्यतींना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि सांगलीच्या मुलखात खिलार खोंडाचा भाव गाईला लाजवतो. चिपला त्याचं काही नाही. कुठल्या आकड्यावर लेसर मारायचा तेवढं बदललं की तीच वाट खोंड देईल. मात्र सगळ्यांनीच कालवडी केल्या तर आणखी तीनेक वर्षांनी दूध वाढून दर पडेल, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर चिपकडं नाही. दर ठरवणाऱ्यांकडं आहे.

सगळ्यात गंभीर प्रश्न माणसाचा. माणसाच्या शुक्रपेशींतही हा फरक आहे, २.८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मोजणं जास्त अवघड, पण अशक्य नाही. ज्या राज्यानं १९८८ मध्ये देशात सर्वात आधी गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला, त्या राज्याला या प्रश्नापासून तोंड फिरवता येणार नाही. केंद्राच्या १९९४ च्या कायद्यात २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. अंडं किंवा शुक्रपेशी यांच्यावर केलेली निवडही त्यात येते. कायदा आहे, आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. म्हणून तंत्रच नको म्हणणं मात्र पटत नाही. सोनोग्राफीनं लाखो बाळंतपणं सुखरूप केली आणि तिनंच लाखो मुली गिळल्या. आपण सोनोग्राफी बंद केली नाही, तिच्या प्रत्येक यंत्राची नोंद सक्तीची केली. पेशी मोजणाऱ्या चिपा स्वस्त होतील, लहान होतील, आणि मग गोठ्यासाठी आलेलं यंत्र दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाणार नाही याची व्यवस्था आजच हवी : विकलेल्या प्रत्येक यंत्राची, सोनोग्राफीसारखीच, नोंद.

राहता राहिला कांडी वापरणारा. ही कांडी म्हणजे वितीहून आखूड, बारीक नळी, पाव मिलिलिटरची, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेली. भिलवडीच्या चिपमध्ये तिच्यातल्या एकेका पेशीसाठी जी शिस्त पाळली, ती गोठ्यात मिनिटभरात वाया जाऊ शकते. ती निरोगी, वजनात भरलेल्या कालवडीलाच वापरा. वारंवार उलटणाऱ्या गाईवर शेवटचा उपाय म्हणून नको. माज नेमका कधी सुरू झाला ते तंत्रज्ञाला सांगा, कारण या पेशी कमी वेळ टिकतात आणि रेतन साध्या कांडीपेक्षा थोडं उशिरा करावं लागतं. कांडी ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट वितळवतात की खिशात चोळून, ते उभं राहून बघा. आणि नळीवर वळूचा जो क्रमांक छापलेला असतो तो तारखेसकट वहीत उतरवून घ्या, म्हणजे अडीच वर्षांनी त्या जनावराच्या लेकीला तिच्याच बापाची कांडी जाणार नाही.